तोंडी लावण्यापुरती पात्रे

अर्धविराम (मूळ धागा)

कथेत निरनिराळ्या प्रकारची माणसे यावीत, हे आता लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना मान्य असते. ती आणायची कशी, याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. माझ्या एका दीर्घकथेवरून हा प्रश्न माझ्यासमोर फार नेमकेपणाने उभा राहिला, म्हणून हा धागा काढते आहे.

कथेत चार मित्रमैत्रिणी डोंगरात वाट चुकतात आणि एका पडक्या निवाऱ्यात रात्र काढतात. चौघांपैकी मेघना कर्णबधिर आहे. पहिला खर्डा मी काही जाणत्या वाचकांना दिला होता. त्यांच्यापैकी एकीने समासात पेन्सिलने एवढेच लिहून पाठवले, "मेघनाला काढून पाहा. काय बिघडते?" मी खरोखरच काढून पाहिले. अर्ध्या तासाचे काम होते. तीन वाक्ये इकडची तिकडे करावी लागली, एका ठिकाणी 'चौघे'चे 'तिघे' केले, आणि कथा जशीच्या तशी उभी राहिली. जे पात्र मी मोठ्या आस्थेने लिहिले असे मला वाटत होते, ते तोंडी लावण्यापुरतेच होते.

तिच्याविषयीचा एक परिच्छेद इथे देते.

"मेघना नेहमीप्रमाणे हसली. तिला ऐकू येत नव्हते, पण समोरच्याच्या ओठांवरून तिला सारे कळत असे. बाकीचे तिघे घाबरून गेले होते, तिच्या चेहऱ्यावर मात्र विलक्षण समाधान होते. ज्या शांततेची त्यांना भीती वाटत होती, ती तिची जुनी सखी होती."

शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते, हेही कबूल करते. आता ते वाक्य वाचवत नाही, परंतु त्यात नेमके काय चुकले आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही. तिला कथेतून काढून टाकणे हा पळपुटेपणा वाटतो, आणि तशीच ठेवणे म्हणजे निव्वळ हजेरी लावून घेणे. जाणकारांनी मत द्यावे.

दुर्बीण

हा प्रश्न साहित्याच्या बाहेर बराच आधी मांडला गेला आहे. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीतल्या कामकाजाचा अभ्यास करून १९७७ साली असे दाखवले, की एखाद्या गटातील माणसांचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्यांच्याकडे व्यक्ती म्हणून पाहिले जात नाही, त्या गटाचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्यांनी सांगितलेले परिणाम तीन होते. असे माणूस सतत सर्वांच्या नजरेत राहते, त्याच्या आणि इतरांच्या फरकाला अवाजवी महत्त्व येते, आणि लोकांच्या डोक्यात आधीच तयार असलेल्या साच्यात त्याला कोंबले जाते.

आपला परिच्छेद या तीन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून वाचावा. मेघनाच्या चेहऱ्याकडे कथेचा निवेदक पाहतो आहे, बाकीच्यांचे चेहरे कसे होते हे तो सांगतही नाही. तिची ओळख 'बाकीचे तिघे' विरुद्ध 'ती' अशीच होते. आणि दुःख सोसून शहाणे झालेले, सदैव हसतमुख माणूस हा साचा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

माझ्या मते यावर एक उपाय अगदी साधा आहे, पण लेखकांना तो सुचत नाही. कथेत दुसरे कर्णबधिर पात्र आणावे आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटू नये. एकाला यंत्र लावलेले आवडते, दुसऱ्याला त्याचा तिटकारा आहे, एक कंजूष आहे, दुसरा उधळ्या. दोघे एका मुद्द्यावर कडाडून भांडले, की दोघांपैकी कोणीही 'कर्णबधिर माणसे अशी असतात' याचा दाखला म्हणून उरत नाही.

समास

मी थोडा विरोधी सूर लावतो.

पहिली गोष्ट, 'काढून पाहा' ही कसोटी ऐकायला धारदार वाटते, पण ती सरसकट लावली तर कथेत माणसेच उरणार नाहीत. दार उघडणारा, निरोप आणणारा, गाडीत शेजारी बसून पेंगणारा, यांना काढले तरी कथानक कोसळत नाही, आणि तरीही कथा त्यांच्यामुळे भरल्यासारखी वाटते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली दिलेल्या व्याख्यानांत सपाट पात्रे (एकाच गुणावर उभी असलेली) आणि गोल पात्रे (अनेक पैलू असलेली, वाचकाला चकित करू शकणारी) असा भेद केला होता, आणि सपाट पात्रांची बाजूही त्यांनी घेतली होती. सगळीच पात्रे गोल असावीत असा त्यांचा आग्रह नव्हता. मग चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कथेत आला, की त्याने खोलच असले पाहिजे अशी सक्ती का? त्यानेही एका ओळीत येऊन तिकीट फाडून निघून जावे. तसे होणे हेच मला अधिक बरोबरीचे वाटते.

दुसरी गोष्ट मोजणीची. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधील एका चित्रपट्टीवरून (कॉमिक स्ट्रिपवरून) निघालेली कसोटी सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटात दोन स्त्रिया असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावे, आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे. मुळात ते चित्रपट्टीतल्या एका पात्राच्या तोंडचे वाक्य होते, आणि त्यात विनोदाचा भाग मोठा होता. शंभर चित्रपटांना एकत्र ही मोजपट्टी लावली तर त्या व्यवसायाविषयी बरेच काही कळते. एका चित्रपटाला लावली तर फारसे काहीच कळत नाही, कारण अत्यंत सुमार चित्रपट तीत सहज बसतो आणि एखादा उत्तम चित्रपट नापास होतो. म्हणून एक आणले की दुसरेही आणा, हा दुर्बीण यांचा उपाय मला पुन्हा मोजणीकडेच नेणारा वाटतो.

मौनराग

मी या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून कर्णबधिर आहे. अर्धविराम यांचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडलो, म्हणून क्रमाने लिहितो.

"ओठांवरून तिला सारे कळत असे." सारे कोणालाच कळत नाही. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पान', 'भान' आणि 'मान' म्हणून पाहावे. ओठांची हालचाल तिन्ही वेळा सारखीच दिसेल. क, ग, ह ही अक्षरे तर घशाजवळ उमटतात, ती ओठांवर दिसतच नाहीत. मला जे दिसते ते वाक्याचे तुकडे असतात. बाकीचे मी विषयावरून, समोरच्याच्या भुवयांवरून आणि त्याच्या बोलण्याच्या सवयीवरून जुळवतो. ओळखीच्या माणसाशी ओळखीच्या विषयावर बोलणे झाले, तर जुळवणी चांगली होते. विषय अचानक बदलला की मी दोन-तीन वाक्ये मागे राहतो. समोरच्याला दाट मिशी असेल, तो काही चघळत असेल किंवा बोलता बोलता मान वळवत असेल, तर तेवढेही मिळत नाही. चौघे एकमेकांचे बोलणे तोडत बोलू लागले, तर कोण बोलते आहे हे शोधेपर्यंत त्याचे बोलून झालेले असते.

"नेहमीप्रमाणे हसली." हे वाचून मला हसू आले, कारण हे वाक्य खरे आहे, फक्त त्याचे कारण लेखिकेला वाटते ते नाही. मी बैठकीत हसतो किंवा मान डोलावतो, तेव्हा पुष्कळदा मला काहीही कळलेले नसते. चौथ्यांदा 'काय म्हणालात?' असे विचारण्याची लाज वाटते, म्हणून मी हसतो. त्या हसण्यामुळे मी नको त्या गोष्टींना होकार दिलेले आहेत. एकदा तर एका कामाची जबाबदारी माझ्यावर आली, हे मला आठवड्याने कळले.

"ती तिची जुनी सखी होती." शांतता ही ऐकू येणाऱ्यांची कल्पना आहे. अनेक कर्णबधिर माणसांच्या कानात सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज असतो, माझ्याही आहे. रात्री तो वाढल्यासारखा वाटतो. सखी वगैरे कोणी नाही.

आणि सर्वांत मोठी चूक परिच्छेदात लिहिलेली नाही, ती प्रसंगात आहे. रात्र आहे, निवाऱ्यात अंधार आहे. अंधारात ओठ दिसत नाहीत. त्या रात्री चौघांपैकी सर्वांत एकटी पडणारी व्यक्ती मेघना आहे, आणि तिच्याच चेहऱ्यावर तुम्ही समाधान ठेवले आहे. दिवसभर ओठ वाचून डोळे आणि डोके किती शिणते, हे सांगून समजणार नाही. संध्याकाळपर्यंत मी माणसांकडे पाहणेच टाळतो. ऐकू येणारा माणूस डोळे मिटूनही संभाषणात राहू शकतो, माझे डोळे मिटले की संभाषण संपते. कधी कधी मी ते मुद्दाम संपवतो.

जाता जाता, 'मूकबधिर' हा शब्द तुम्ही वापरलेला नाही, याबद्दल आभार. मी मुका नाही, बरेच बोलतो, घरचे म्हणतात जरा जास्तच. आणि मेघना खुणांची भाषा वापरणारी असेल, तर ती हातवारे करते असे लिहू नये. खुणांच्या भाषांना स्वतःचे व्याकरण असते, आणि भाषाशास्त्राने ते गांभीर्याने मान्य करण्याची सुरुवात विल्यम स्टोको यांच्या १९६० मधील अभ्यासाने केली. त्या भाषेत टोमणे मारता येतात, खोटे बोलता येते आणि पुटपुटताही येते.

काजवा

मौनराग यांचा प्रतिसाद वाचल्यावर आणखी लिहावे असे फार उरत नाही, तरी भाषेविषयी दोन मुद्दे मांडतो. तोंडी लावण्यापुरते पात्र बहुधा कथानकाच्या आधी वाक्यरचनेत पकडता येते.

विशेषणे कोणाला लागतात ते पाहावे. ज्या पात्राचा धर्म, जात, वर्ण, व्यंग किंवा लैंगिकता लेखक पहिल्याच वाक्यात सांगतो, ते पात्र त्याच्या दृष्टीने 'इतर' असते. बाकीची पात्रे नुसती 'शेखर' किंवा 'शेखरची बहीण' म्हणून येतात, कारण त्यांना लेखक आणि वाचक आपल्यातलीच समजतात. तीच गोष्ट बोलीची. कथेतले सगळे जण प्रमाण भाषेत बोलतात आणि एकटी घरकाम करणारी बाई बोलीत बोलते, तेव्हा बोली तिच्या तोंडी चिकटवलेली असते. बोली असावीच, पण मग शिकल्यासवरल्या पात्रांच्या उच्चारांतल्या लकबी आणि त्यांचे इंग्रजाळलेले शब्दही तितक्याच काटेकोरपणे कागदावर यावेत. ते आपण हातासरशी प्रमाण करून टाकतो.

याहून कडक तपासणी संवादांची आहे. चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली एका व्याख्यानात जोसेफ कॉनरॅड यांच्या आफ्रिकेवरील कादंबरीवर जे आक्षेप घेतले, त्यांतला एक हाच होता, की तिथल्या आफ्रिकी माणसांना लेखक जवळजवळ बोलूच देत नाही. आपापल्या कथेत हे मोजून पाहावे. मेघनाच्या तोंडी किती वाक्ये आहेत, आणि त्यांतली किती प्रश्नार्थक किंवा होकारार्थी आहेत? एखाद्या पात्राला 'नाही' म्हणता येते का, हे पाहिले की बरेच कळते. (समास यांना मोजणीचे वावडे आहे, हे ठाऊक असूनही लिहितो आहे.)

एक अडचण खास मराठीची आहे, आणि ती मला फार रोचक वाटते. आपले क्रियापद लिंग सांगून मोकळे होते. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटल्याशिवाय पात्राला कुठे जाताच येत नाही. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत न बसवणारे पात्र प्रथमपुरुषी निवेदनात आणायचे झाले, तर लेखकाची पंचाईत होते. पण मराठीनेच फटीही ठेवल्या आहेत. 'मी पाहिले', 'मी विचारले', 'मला वाटले', 'मी जाईन', 'आम्ही निघालो' या रूपांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. असे पात्र साऱ्या वाक्यांत या फटींतून वाट काढते आणि एका निर्णायक क्षणी 'आलो' किंवा 'आले' यांपैकी एक रूप निवडते, किंवा निवडायचे टाळते, असे लिहिता येईल. मग त्या पात्राची ओळख परिचयाच्या ओळीत सांगावी लागत नाही, ती प्रत्येक क्रियापदात घडत राहते. हे करायला कष्ट पडतात, आणि हजेरीपुरते पात्र आणणारा लेखक ते घेत नाही.

समास

मौनराग यांच्या प्रतिसादापुढे मी माझा निम्मा विरोध मागे घेतो. उरलेला निम्मा ठेवतो, कारण एक नवा धोका दिसतो आहे.

हे सगळे वाचून अर्धविराम आता अभ्यास करतील, आणि पुढच्या खर्ड्यात मेघना आपल्या मित्रांना ओठवाचनाच्या मर्यादा समजावून सांगेल. मित्र खजील होतील, एक जण क्षमा मागेल, आणि वाचकाला माहितीपत्रक मिळेल. समजावून सांगणारे पात्र हे आजचे नवे तोंडी लावणे आहे. पूर्वी त्याचे काम नायकाला धीर देण्याचे होते, आता नायकाचे प्रबोधन करण्याचे आहे, स्वतःचे काम त्याला तेव्हाही नव्हते आणि आताही नाही. याचेच दुसरे रूप म्हणजे निर्दोषपणा. आपल्यावर कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून लेखक कथेतला सगळा मत्सर, लबाडी आणि भित्रेपणा स्वतःसारख्या दिसणाऱ्या पात्रांना वाटून टाकतो आणि वेगळ्या पात्राच्या वाट्याला फक्त चांगुलपणा ठेवतो. वाचताना ते पात्र देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे बाजूला बसून राहते.

माझा प्रश्न एवढाच आहे. त्या रात्री मेघनाने काय वाईट केले?

पुनर्मुद्रण

मुळात हे लिहिण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला इथे कोणी हात घातला नाही. मराठीत तो नवा नाही. दलित साहित्याच्या चळवळीने सहानुभूती आणि स्वानुभव यांतले अंतर मराठी वाचकासमोर इतक्या स्पष्टपणे मांडले, की त्यानंतर 'मी त्यांच्याविषयी कळवळ्याने लिहितो' एवढे सांगून कोणाला सुटता येत नाही. १९६३ साली बाबूराव बागूल यांचा पहिला कथासंग्रह आला, तेव्हा त्यातली माणसे आधीच्या कळवळ्याच्या कथांतल्या माणसांपेक्षा किती निराळी होती, हे आजही वाचून पडताळता येते. ती चिडतात, सूड घेऊ पाहतात, आणि वाचकाच्या दयेची त्यांना मुळीच गरज नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की अर्धविराम यांनी मेघना लिहिण्याआधी मौनराग यांच्यासारख्यांनी लिहिलेल्या कथा छापल्या जाव्यात.

मौनराग

पुनर्मुद्रण यांचे म्हणणे तत्त्वतः पटते, परंतु त्यातली एक अडचण मी रोज सोसतो. मी कथा लिहिल्या आहेत. संपादकांना माझ्याकडून फक्त बहिरेपणावरच्या कथा हव्या असतात. मी एका घटस्फोटावर कथा लिहिली होती, त्यात सगळ्यांना ऐकू येत होते. ती परत आली आणि सोबत सूचना होती, की मी 'माझ्या अनुभवावर' लिहावे. घटस्फोट माझाच होता. म्हणजे कथेतले पात्र तोंडी लावण्यापुरते असते, तसा लेखकही असू शकतो.

त्यामुळे अर्धविराम यांनी मेघना लिहू नये असे मी म्हणणार नाही. खर्डा मला वाचायला द्यावा असे अवश्य म्हणेन, मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मी वाचला म्हणजे सगळ्या कर्णबधिरांची संमती मिळाली असे होत नाही. जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही आणि जे खुणांच्या भाषेतच वाढले, त्यांचे जग माझ्याहून वेगळे आहे. आणि हे वाचन हे काम आहे, मुद्रितशोधनासारखेच, त्याचा मोबदला द्यावा लागतो. माझ्या सांगण्यावरून कथा बदलण्याचे बंधन अर्थातच नाही.

अर्धविराम

सर्वांचे आभार. आठवडाभर काही लिहिले नाही, कारण समास यांच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नव्हते. मेघनाने काय वाईट केले, हे शोधताना लक्षात आले, की मी तिला कथेत कुठे काही करूच दिले नव्हते. वाट चुकते तेव्हा ती सर्वांच्या मागे चालत होती. आता नकाशा तिच्याकडे दिला आहे. दुर्बीण यांनी सुचवलेले दुसरे पात्र आणून पाहिले, पण त्या निवाऱ्यात पाचवे माणूस मावले नाही. खर्डा मौनराग यांना वेगळा पाठवते आहे. तोवर तोच प्रसंग पुन्हा लिहिला आहे, तो असा.

"कंदील विझल्यावर मेघनाने डोळे मिटून घेतले. राघवने तिच्या खांद्याला हात लावला, विजेरी स्वतःच्या हनुवटीखाली धरली आणि काहीतरी विचारले. खालून पडलेल्या उजेडात त्याचा चेहरा भेसूर दिसत होता. 'वाट' म्हणाला, की 'वात', की 'वाद', तिला कळले नाही. तिन्ही चालण्यासारखे होते. नकाशा तिच्याच पिशवीत होता, आणि दुपारी इतर दोघे उजवीकडे बोट दाखवत असताना डावीकडे वळायचे तिनेच ठरवले होते. तिने मान डोलावली. राघव थोडा वेळ तसाच तिच्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने विजेरी बंद केली."

मौनराग

विजेरी हनुवटीखाली धरली तर ओठांची सावली नाकावर पडते आणि काहीच वाचता येत नाही, ती समोरून थोडी बाजूला धरावी लागते. पण माझे मित्र अजूनही हनुवटीखालीच धरतात, त्यामुळे ते राहू द्यावे.

शंका एकच आहे. इतर दोघे उजवीकडे बोट दाखवत होते, ते तिने पाहिले होते ना? पाहिले असेल, तर ती हट्टाने डावीकडे वळली. पाहिले नसेल, तर चूक तिच्या कानांवर ढकलली जाईल, आणि ते मला नको आहे.

अर्धविराम

पाहिले होते. तसे वाक्य घालते.